इमर्शन सूट अंगाला नीट कसा बसवायचा: सांगली-साताऱ्याहून जहाजावर आणि पाणबुडीवर जाणाऱ्या पोरापोरींसाठी

आपल्याकडची पोरं आता मर्चंट नेव्हीत बऱ्यापैकी जायला लागलीत, नेव्हीत तर आधीपासूनच आहेत, आणि जॉइनिंगच्या आधी फोन आला की प्रश्न ठरलेले असतात, पगार किती, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, जेवण कसं असतं, वायफाय मिळतं का. मला कुठल्या साईजचा इमर्शन सूट (जहाज सोडून गार पाण्यात उतरायची वेळ आली तर घालायचा, पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख) लागेल असं अजून एकानं पण विचारलेलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी मिरजेचा, जहाजावर सेफ्टीचं सामान बघायचं काम माझ्याकडं असतं, त्यामुळं हे सूट रोज हाताखालून जातात.

एक गोष्ट आधी डोक्यात फिट करून घ्या. जहाजावर सूट असणं वेगळं आणि तो तुमच्या अंगाला बसणं वेगळं. पहिली जबाबदारी कंपनीची आहे, २००६ च्या जुलैपासून मालवाहू जहाजांवर प्रत्येक माणसामागं एक सूट ठेवायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे (कायम उष्ण भागातच फिरणाऱ्या काही जहाजांना ह्यातनं सवलत मिळू शकते, पण बल्क कॅरिअरला, म्हणजे धान्य-कोळसा असा सुटा माल नेणाऱ्या जहाजाला, ती पण नाही). दुसरी गोष्ट तुम्हालाच बघावी लागते, आणि जहाजावर चढल्याच्या पहिल्याच दिवशी बघावी लागते. सात छोटे आणि एक लांब भोंगा, म्हणजे जहाजावरचा धोक्याचा इशारा, वाजल्यावर साईज बघायला वेळ नसतो.

सूट लागतोच कशाला, आम्हाला तर पोहता येतं

हे वाक्य कृष्णाकाठचा प्रत्येक गडी म्हणतो. पोहता येतं हे चांगलंच आहे, पण थंड समुद्रात माणूस पोहता येत नाही म्हणून कमी मरतो आणि गार पडून, श्वास बिघडून जास्त मरतो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं ओढून घेतं. कॅनडातले प्रोफेसर गॉर्डन गिसब्रेख्त, जे स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून प्रयोग करतात, त्यांनी सोपा हिशोब सांगितलाय, १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला लागतं, कारण गार पाण्याचा दणका बसला की माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणी छातीत जातं. मग १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यानंतर बोटं वळत नाहीत, दोरी धरता येत नाही. आणि शुद्ध जायला साधारण १ तास. म्हणजे चांगला पोहणारासुद्धा दहा मिनिटांनंतर पोहूच शकत नाही. सूटचं काम पहिला दणका कमी करायचं आणि पुढचे दोन आकडे लांबवायचं आहे, आणि ते तो तेव्हाच करतो जेव्हा पाणी आत शिरत नाही, आणि पाणी शिरायचं की नाही हे बसवण्यावर ठरतं.

आधी तुमचा सूट कुठल्या जातीचा आहे ते बघा

दोन मुख्य प्रकार. एक जाड निओप्रीनचा, फोमसारखा, लाल किंवा केशरी, हा स्वतःच ऊब धरतो आणि बहुतेक वेळा स्वतःच तरंगतो. ह्याची टेस्ट अशी असते की ० ते २ डिग्रीच्या पाण्यात ६ तास राहिलं तरी अंगाच्या आतलं तापमान २ डिग्रीपेक्षा जास्त उतरता कामा नये. दुसरा पातळ कापडाचा, पाणी आत येऊ देत नाही पण ऊब स्वतःची नसते, त्याची टेस्ट ५ डिग्रीच्या पाण्यात फक्त १ तासाची. पातळ सूट मिळाला असेल तर आत गरम कपडे घालणं हा नियमाचा भाग आहे, आणि वरून लाईफजॅकेट लागतं का ते लेबलवर लिहिलेलं असतं. जाड सूटवरसुद्धा काही मॉडेलला लाईफजॅकेट लागतं. लेबल वाचा, शेजारचा घालतोय म्हणून घालायचं किंवा तो घालत नाही म्हणून सोडायचं असं करू नका.

दोन्ही प्रकारांना एक अट सारखी आहे, पिशवीतून काढून, कुणाच्या मदतीशिवाय, २ मिनिटांत अंगात घालता आला पाहिजे, आणि ह्या २ मिनिटांत आतले कपडे आणि लाईफजॅकेट पण धरलेलं आहे.

साईज: लेबलपासून सुरुवात, आरशात शेवट

पिशवीवर आणि सूटच्या आत उंची आणि वजनाची रेंज लिहिलेली असते. जहाजांवर बहुतेक सूट "युनिव्हर्सल" नावाचे येतात, म्हणजे सरासरी पुरुषाला चालेल असा एकच साईज, आणि त्याच्या खालीवर स्मॉल आणि जम्बो. आता हा सरासरी पुरुष म्हणजे आपल्याकडचा नव्हे. पाच फूट तीन इंचाचा, साठ किलोच्या आतबाहेरचा पोरगा त्यात घुसला की पायात वीतभर कापड गोळा होतं, आणि मुलींचे तर जास्तच हाल होतात, कारण हे कापड कापताना त्यांचा विचार झालेलाच नसतो. रेंजमध्ये बसता म्हणजे काम झालं असं नाही, रेंजच्या अगदी खालच्या टोकाला असाल तर पट्टे आवळून बघा, आणि तरी जमत नसेल तर स्मॉल मागा.

ढगळ सूटचा नेमका त्रास काय ते समजून घ्या. जादा कापड म्हणजे आत जादा जागा, जादा जागा म्हणजे जादा हवा, आणि हवा नेहमी वरच्या बाजूला पळते. पायात हवा अडकली की पाण्यात पाय वर आणि डोकं खाली जायला बघतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचे आठवतंय का, डबा पाठीवर घट्ट असला तर पोरगं छान तरंगायचं आणि दोरी सैल पडून डबा सरकला की ते उलटंपालटं व्हायचं, अगदी तसंच आहे हे. तरंगायची ताकद किती ह्यापेक्षा ती कुठं बसलीय ह्याला जास्त किंमत आहे.

आखूड सूटचा त्रास वेगळा. हूड मानेला खाली खेचतं, वर बघता येत नाही, खांद्यात ताण बसतो, पोटाशी चेन अडते आणि गडी म्हणतो अर्धी लावली तरी चालतंय. अर्धी लावलेली चेन म्हणजे सूट न घातल्यासारखंच.

पहिल्या दिवशी केबिनमध्ये सूट पूर्ण घालून एवढं करून बघा: दोन्ही हात सरळ डोक्यावर न्या. उकिडवं बसा आणि उठा. मान दोन्हीकडं वळवा, डोळ्यांसमोर हूड येतं का बघा, येत असेल तर तुम्ही मान वळवताय आणि हूड जागेवर राहतंय, म्हणजे ते मोठं आहे. जिन्यानं एक मजला वर-खाली जा. जांघेचं शिवण गुडघ्यापर्यंत लोंबत असेल तर शिडीवर पाय उचलणार नाही, आणि नियमाप्रमाणं सूट घालून ५ मीटरची उभी शिडी चढता-उतरता यायला पाहिजे. शेवटी ग्लोव्हज घातलेल्या हातानं शिट्टी शोधून तोंडाशी न्या. हे सगळं जमलं तर सूट तुमचा. मग त्याच्यावर नंबर असतो तो लक्षात ठेवा आणि तो तुमच्याच केबिनमध्ये किंवा ठरलेल्या जागी राहील असं बघा.

नाही जमलं तर थर्ड ऑफिसर किंवा जो कोणी सेफ्टीचं सामान बघत असेल त्याला त्याच दिवशी सांगा, आणि तोंडी सांगून थांबू नका, सेफ्टी मिटिंगमध्ये लिहून घ्यायला लावा. बऱ्याच वेळा जहाजावरच अदलाबदल होऊन काम भागतं, एखाद्या उंच माणसाकडं स्मॉल गेलेला असतो. नवीन पोरं लाजतात, आल्या आल्या तक्रार कशी करायची म्हणून. ही तक्रार नाही, बुटाचा नंबर सांगितल्यासारखं सांगायचं.

घालायची पद्धत, सुरुवातीपासून

घालण्याआधी खिसे रिकामे. किल्ल्या, पेन, चष्मा, घड्याळ, टोकदार काही असेल ते काढा. गरम कपडे घाला, लोकरीचे असतील तर उत्तम, ओले झाले तरी ते थोडीफार ऊब धरतात, डोक्यात गरम टोपी पण चालते जर हूड त्यावर नीट बसत असेल तर. वेळ असेल तर लघवीला जाऊन या, हे कोणी सांगत नाही पण पुढचे कित्येक तास तुम्ही त्या सूटमध्ये असणार आहात. थोडं पाणी प्या.

पिशवी उघडून सूट सपाट, कोरड्या जागी पसरा, चेन पूर्ण खाली असली पाहिजे. ठेवताना अर्धवट लावलेली चेन तिथंच अर्धा मिनिट खाते.

आता खाली बसा. उभं राहून घालायचा प्रयत्न करू नका, जहाज हलत असतं आणि एका पायावर नाचताना पडून डोकं आपटलेले लोक आहेत. बूट काढायचे की ठेवायचे हे सूटच्या मॉडेलवर आहे, सेफ्टी शूज बहुतेक वेळा काढावेच लागतात. पाय सरकत नसतील तर पायाला प्लॅस्टिकची कॅरीबॅग चढवा, पाय सर्रकन आत जातो, पिशवी तशीच आत राहिली तरी बिघडत नाही. ही छोटी युक्ती खरंच भरपूर वेळ वाचवते, म्हणून मी दोन पिशव्या सूटच्या बॅगेतच ठेवायला सांगतो.

पाय तळापर्यंत गेले की गुडघ्यावर या, सूट कमरेपर्यंत ओढा आणि इथं थांबून घोट्याचे पट्टे आवळा. हे आत्ताच करायचं, कारण नंतर हात ग्लोव्हजमध्ये गेले की बकल सापडत नाही. ज्यांना सूट मोठा होतो त्यांनी आधी पायातलं जादा कापड वर ओढून घ्यायचं आणि मगच पट्टा लावायचा, उलट केलं तर कापड पावलापाशीच गोळा राहतं आणि चालताना तुम्ही त्याच्यावर पाय देऊन पडता. पट्टा एवढाच घट्ट की रक्त थांबणार नाही, बोटं बधिर व्हायला लागली तर एक खाच सैल.

मग हात. आधी कमजोर हात, म्हणजे उजव्यांनी डावा. त्यानंतर हूड डोक्यावर. आणि सगळ्यात शेवटी जोराचा हात. हा क्रम पाठच करा. दोन्ही हात आधी घातले तर तीन बोटांच्या जाड ग्लोव्हजनी हूड ओढावं लागतं आणि केस, कान, सगळं अडकतं. लांब केस असतील तर आधी घट्ट वेणी किंवा अंबाडा मानेशी खाली बांधा आणि हूडच्या आत ढकला, केसांची एक बट जरी चेहऱ्याच्या कडेला बाहेर राहिली तरी तिथून पाणी झिरपतं. दाट दाढीवाल्यांना चेहऱ्याची कड तेवढी घट्ट बसत नाही, पट्टी जास्त आवळावी लागते, निदान ड्रिलमध्ये तपासून बघा.

चेन लावताना एका हातानं खालचं टोक धरून ताणायचं, दुसऱ्या हातानं चेनची दोरी वर ओढायची, छाती पुढं आणि हनुवटी वर. वाकून लावायला गेलात की चेनला घडी पडते आणि ती पोटाशी अडकते. अडकली तर जोर लावू नका, दोन इंच मागं आणा, परत वर न्या. दात तुटलेली चेन समुद्रात दुरुस्त होत नाही. चेन पूर्ण वर गेली की तोंडावरची पट्टी वेल्क्रोनं दाबून बंद. मनगटाला पट्टे असतील तर ते शेजाऱ्याकडून आवळून घ्या. एकट्यानं घालता आला पाहिजे हा नियम बरोबरच, पण शेजारी असला तर एकमेकांची चेन, पट्टी आणि मनगटं बघणं ह्यात काही कमीपणा नाही.

डोक्यामागं फुगवायची उशी असते काही सूटना, तिची नळी छातीपाशी असते. ती उडी मारण्याआधी फुगवायची नाही, पाण्यात गेल्यावर तोंडानं फुगवायची.

हवा काढणे, जे निम्मे लोक विसरतात

सूट घातला, चेन लावली, झालं, असं समजून लोक चालायला लागतात आणि फुग्यासारखे दिसतात. त्या हवेसकट पाण्यात गेलात तर पाय वर येणार. म्हणून पाण्यात जायच्या आधी उकिडवं बसा, गुडघे छातीशी दोन्ही हातांनी आवळा, एका बोटानं चेहऱ्याची कड थोडी उचला, फस्स करून हवा निघते. आवाज थांबला की कड परत बसवा. दोनदा करा. शिडीनं हळूहळू पाण्यात उतरायला मिळालं तर पाण्याचा दाबच पायातली हवा वर ढकलतो, तेव्हा कड परत एकदा उचलून काढून टाका, फक्त गळा पाण्याखाली जायच्या आधी.

पाण्यात जाणं

सगळ्यात चांगलं म्हणजे पाण्यात न जाणं. लाईफबोटीत किंवा राफ्टमध्ये कोरडं चढता येत असेल तर तेच करा, सूट असला तरी. उडी मारायचीच वेळ आली तर सूटची टेस्ट साडेचार मीटर उंचीवरून उडी मारून केलेली असते, म्हणून जेवढं खाली उतरता येईल तेवढं उतरा. खाली माणूस, लाकूड, तेल काही आहे का बघा. एक हात तोंड-नाकावर, दुसरा त्याच्यावरून लाईफजॅकेट किंवा खांदा धरून, नजर समोर, एक पाऊल पुढं टाका आणि पाय जुळवून घोटे क्रॉस. सूर मारायचा नाही. नदीवरच्या पुलावरून सूर मारायची सवय असणाऱ्यांनी हे दोनदा वाचा, सूट घालून डोक्यावर पडलात तर मानेला मोठा झटका बसतो आणि सगळी हवा पायात जाते.

पाण्यात गेल्यावर पहिला १ मिनिट काहीच करू नका, पाठीवर पडा आणि श्वास शांत होऊ द्या. तोंडावर पडलात तरी चांगल्या सूटमध्ये ५ सेकंदांत पाठीवर वळता आलं पाहिजे, म्हणून घाबरू नका. मग उशी फुगवा, लाईट चालू आहे का बघा, आणि जवळच्या माणसाला बडी लाईन, म्हणजे सूटची जोडीदाराला बांधायची दोरी, अडकवा. पुढं जायचं असेल तर पाठीवर पडून हातांनी वल्हवत जा, नेहमीसारखं पोहू नका, त्यानं चेहऱ्याच्या कडेनं पाणी शिरतं आणि दम जातो. चार-पाच जण असाल तर एकमेकांत हात अडकवून छाती आत करून गोल करा, त्यानं ऊब टिकते आणि वरून शोधणाऱ्याला मोठा ठिपका दिसतो. शिट्टी थांबून थांबून वाजवा.

सराव करायचा असेल तर पीएसटी कोर्समध्ये (समुद्रात जीव वाचवायचं शिकवणारा कोर्स) टँकमध्ये करून घेतातच, तिथं रांगेत मागं उभं राहू नका, दोनदा उतरा. आणि हा कोर्स दर पाच वर्षांनी परत करावा लागतो तो पण मनापासून करा. घरी सूट मिळणार नाही, पण मोठा रेनकोट किंवा बॉयलर सूट घेऊन बसून पाय, कमजोर हात, टोपी, जोराचा हात हा क्रम घड्याळ लावून करता येतो. नदीत प्रयोग करू नका. भिलवडी, औदुंबर, ब्राह्मणाळ पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत हे आपल्याला माहितीच आहे.

पूरपट्ट्यातल्या लोकांसाठी दोन ओळी, कारण विषय तोच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्राह्मणाळला बोट उलटली ते आपण कोणी विसरलेलो नाही. रेस्क्यू बोटीत लाईफजॅकेट मिळालं की सगळे पट्टे आवळा, मग दुसऱ्याला तुमच्या खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात गेल्यावर ते वर जाईल आणि तुम्ही खाली राहाल. लहान पोरांना मोठ्यांचं जॅकेट अजिबात घालू नका, आणि जांघेतून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे, पोरगं खालून निसटतं ते त्याच्याशिवाय.

पाणबुडीचा सूट: वेगळी गोष्ट, तेच तत्त्व

साताऱ्यात फौजेचं वातावरण आहे, अपशिंग्यासारखं गाव आहे, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ ला साताऱ्यातच निघालं, त्यामुळं नेव्हीत पाणबुडी शाखेत जायची इच्छा असलेली पोरं इथं भेटतात. त्यांच्यासाठी हा भाग.

पाणबुडी खाली अडकली तर पहिली पसंती बचावाला असते, म्हणजे वरून छोटी बचाव पाणबुडी येऊन माणसं घेऊन जाते. भारताकडं अशा दोन यंत्रणा आहेत, पहिली २०१८ मध्ये मुंबईत दाखल झाली, दुसरी विशाखापट्टणमला, ६५० मीटरपर्यंत जाऊ शकतात. २०२१ मध्ये इंडोनेशियाची नांगाला पाणबुडी हरवली तेव्हा विशाखापट्टणमची यंत्रणा शोधासाठी निघाली होती. पण आत हवा खराब होत चालली, आग लागली, पाणी चढायला लागलं, तर वाट बघता येत नाही, तेव्हा सूट.

त्याचं काम असं चालतं. माणूस सूट घालून सुटकेच्या अरुंद कोठडीत जातो, सूटची नळी हवेच्या जोडणीला लावतो, कोठडीत पाणी भरतं, आतला दाब बाहेरच्या पाण्याएवढा होतो, वरचं झाकण उघडतं आणि माणूस सेकंदाला २ ते ३ मीटर वेगानं वर येतो. ब्रिटिश पद्धतीचा हा सूट साधारण १८० मीटरपर्यंतच्या सुटकेसाठी बनवलाय. तिथं दाब पृष्ठभागाच्या साधारण १९ पट असतो, म्हणजे छातीतली हवा वर येईपर्यंत १९ पट फुगणार. म्हणून एकच नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. हूडमध्ये हवा असते, येताना नेहमीसारखा श्वास घेत-सोडत राहायचं, जादा हवा बाहेर पडते. श्वास धरला तर फुप्फुस फाटतं. रशियन पद्धत वेगळी आहे, तिथं रबरी सूटबरोबर बंद चक्राचं, म्हणजे सोडलेला श्वास साफ करून परत वापरणारं, श्वसनयंत्र छातीवर असतं.

इथं माप का महत्त्वाचं ते आता कळेल. पायातली जादा हवा वर येताना कित्येक पट फुगते, ढगळ सूटमध्ये ती माणसाला तिरकं किंवा उलटं करायला बघते. आणि आखूड सूटमध्ये हूडची काच डोळ्यांसमोर राहत नाही, हात जोडणीपर्यंत नीट पोचत नाही, आणि कोठडीत हे चाचपडायला फार थोडा वेळ असतो. म्हणून पायाची लांबी कमीजास्त करता येणारे पट्टे, कमरेला आवळायची सोय ह्या गोष्टी फॅशन नाहीत.

आणि वर आल्यावर परत थंडी. १९५० च्या जानेवारीत टेम्स नदीच्या मुखाशी ब्रिटिशांची ट्रुक्युलंट पाणबुडी टँकरला धडकून बुडाली. बरीच माणसं पाणबुडीतून सुखरूप बाहेर पडली होती, पण गार पाण्यात वाहून जाऊन मेली, एकूण ६४ जण गेले. त्यातनंच पाणबुडीच्या सुटकेच्या सामानात ऊब धरणाऱ्या सूटचा विचार पक्का झाला, आणि आजच्या सूटला तर एकट्या माणसापुरता छोटा राफ्टसुद्धा जोडलेला असतो. हे वाचून मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण अवघड काम त्या लोकांनी पार पाडलं होतं.

आपल्याकडं पाणबुडीचं ट्रेनिंग विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर होतं, आणि कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांसाठी सुटकेच्या सरावाची "विनेत्र" नावाची सोय तिथं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, ५ मीटरचा टॉवर आणि त्याला जोडलेला पाण्याचा हौद. तिथं सूट देताना माप विचारतील तेव्हा उंची बूट काढून मोजलेली सांगा आणि घातल्यावर काही खटकलं तर लगेच बोला.

सूट जपणं

वापरल्यावर गोड्या पाण्यानं आतबाहेर धुवा, सावलीत लटकवून वाळवा, आधी उलटा करून आतली बाजू. उन्हात आणि इंजिन रूमच्या गरम पाईपवर वाळवू नका, निओप्रीन कडक होतं. ऑईल, ग्रीस, डिझेलपासून लांब. चेनला मेण लावायचं, कंपनीनं सांगितलेलंच, दोन्ही बाजूंनी, आणि तीन वेळा वर-खाली करून बघायची. ग्रीस किंवा खोबरेल लावणारे बघितलेत, तसं करू नका. ठेवताना चेन पूर्ण उघडी, पायाकडून गुंडाळत आणा, एकाच जागी सारखी घडी पडू देऊ नका.

गरम भागात ड्रिल असेल, आखाती बंदरात वगैरे, तर सूट घालून बघून झाल्यावर लगेच हूड आणि चेन उघडा. ४० डिग्रीत जाड निओप्रीनमध्ये उभं राहिलं की माणसाला चक्कर येते, आणि त्या अनुभवानं पोरं सूटलाच नावं ठेवायला लागतात.

दर महिन्याला तपासणी असते, त्यात शिवणी, ग्लोव्हजचे सांधे, शिट्टी, लाईटच्या बॅटरीची तारीख बघायची. आणि जास्तीत जास्त तीन वर्षांनी हवा भरून प्रेशर टेस्ट करून घ्यायची असते, सूट दहा वर्षांच्या वरचा असेल तर अजून लवकर लवकर. टेस्टची तारीख सूटबरोबर किंवा रेकॉर्डमध्ये लिहिलेली असते, ती पहिल्याच दिवशी साईजबरोबरच बघून घ्या, आणि तारीख उलटून गेली असेल तर दुसरा सूट हातात मिळेपर्यंत विचारत राहा.